पायथनचं मॅथ मॉड्यूल: मुदत ठेव, दामदुप्पट आणि कर्जाच्या हप्त्यांच्या हिशेबाला कसं आहे?

व्याजाचे हिशेब स्वतः लिहून तपासायचे असतील तर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं मॅथ मॉड्यूल, म्हणजे गणिताच्या तयार फंक्शनांचा संच, जरूर वापरा, असं मी कुणालाही सांगेन. त्याला पैसे पडत नाहीत, वेगळं काही बसवावं लागत नाही, पायथनबरोबरच ते येतं. पाचपैकी चार गुण मी त्याला मोकळ्या मनाने देते. पाचवा का राखून ठेवला, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. मात्र घात, मूळ आणि लॉग या तिघांचं नातं कागदावर मांडता येत नसेल तर हे मॉड्यूल तुम्हाला वाचवणार नाही. विचाराल त्याचं उत्तर ते देईल. तुम्हाला नेमकं काय विचारायचं होतं, ते त्याला कळायचं नाही.

मी तासगावला ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. आता सांगली जिल्ह्यातल्या लहान पतसंस्थांना ठेवींचे तक्ते आणि कर्जफेडीची कोष्टकं करून देते. संस्थेचं मुख्य सॉफ्टवेअर वेगळंच असतं. माझं काम त्याची आकडेमोड पडताळण्याचं आणि संचालक मंडळापुढे नवी योजना ठेवण्याआधी तिचे आकडे मांडण्याचं. त्यामुळे हा अभिप्राय एका ठरावीक वापरापुरता आहे. वैज्ञानिक कामासाठी हे मॉड्यूल कसं आहे, यावर मी बोलणार नाही.

आपल्याकडे सायन्सला गेलेल्या प्रत्येकाने लॉगटेबल हाताळलेलं असतं. बारावीच्या बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला लॉगटेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्या चार अंकी तक्त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे गुणाकार-भागाकार सोडवले. पण ठेवीच्या हिशेबाला तो कसा अपुरा पडतो ते पाहा. १,००,००० रुपये, द.सा.द.शे. ७, तिमाही चक्रवाढ, मुदत ५ वर्षं. म्हणजे दर तिमाहीला १.७५ टक्के, अशा २० तिमाही: १.०१७५ चा विसावा घात. तक्त्यात चारच अंक घेता येतात, म्हणून १.०१७ घ्या किंवा १.०१८. पहिल्याचा लॉग ०.००७३, दुसऱ्याचा ०.००७७. त्यांना २० ने गुणून अँटिलॉग काढला की एकदा १,४०,००० येतात आणि एकदा १,४२,६००. खरं उत्तर १,४१,४७८ रुपये. तक्ता चुकीचा नाही. चौथ्या दशांशाला झालेली छोटीशी काटछाट विसाव्या घाताने वीसपट होऊन अँटिलॉगमध्ये उतरते, एवढंच. व्याजाच्या हिशेबात सगळी माहिती १ च्या पुढच्या त्या इवल्याशा अपूर्णांकात असते आणि तिथेच चार अंकी तक्ता तोकडा पडतो. मॅथ मॉड्यूल सुमारे पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूक चालतं, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

आता याच ठेवीला तीन प्रश्न विचारू. या मॉड्यूलची उपयुक्तता मला इथेच सगळ्यात जास्त जाणवते.

मुद्दल, दर आणि मुदत माहीत आहे, शेवटची रक्कम हवी: हा घाताचा प्रश्न. मुद्दल, दर आणि शेवटची रक्कम माहीत आहे, मुदत हवी: हा लॉगचा. मुद्दल, मुदत आणि शेवटची रक्कम माहीत आहे, दर हवा: हा मुळाचा. समीकरण एकच आहे, फक्त अज्ञात बदलतं. माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या मुलांना ही तीन नावं म्हणजे तीन वेगळे धडे वाटतात, कारण ती वेगवेगळ्या इयत्तांत शिकवली जातात. एकाच ठेवपावतीवर तिन्ही मांडली की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो.

दामदुप्पट घ्या. ७ टक्के वार्षिक चक्रवाढीने रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? पतसंस्थेत हे तोंडी सांगायला ७२ चा नियम वापरतात: ७२ भागिले ७, म्हणजे १०.२९ वर्षं. मॅथ मॉड्यूलमध्ये लॉगला दोन आकडे देता येतात, आधी संख्या आणि मग पाया. म्हणून मी सरळ मॅथ.लॉग(२, १.०७) लिहिते आणि उत्तर येतं १०.२४. पाया १.०७! शाळेत पाया म्हटलं की १० किंवा ई (सुमारे २.७१८) एवढंच कानावर पडलेलं असतं. इथे व्याजाचा गुणकच पाया होतो आणि प्रश्न अगदी जसाच्या तसा लिहिला जातो: १.०७ स्वतःशी किती वेळा गुणलं की २ होतात? मला या मॉड्यूलमधली ही सोय सगळ्यात जास्त आवडते.

तिमाही चक्रवाढ असेल तर मॅथ.लॉग(२, १.०१७५), उत्तर ३९.९५ तिमाही. म्हणजे चाळिसावी तिमाही पूर्ण झाली की दुप्पट, बरोबर दहा वर्षं. पडताळा उलट दिशेने घ्यायचा: ३९ तिमाहींनंतर १,९६,७१७ रुपये, ४० नंतर २,००,१६०. लॉगने काढलेलं प्रत्येक उत्तर घाताने परत तपासायचं, हा नियम मी कधीच मोडत नाही. का, ते अचूकतेच्या भागात येईल.

मुळाचा प्रश्न योजनेच्या जाहिरातीत येतो. ‘साडेआठ वर्षांत दामदुप्पट’ असा फलक लावायचा असेल तर नेमका दर किती? १०० भागिले ८.५ केलं तर ११.७६ टक्के येतात. ते सरळव्याज झालं. तिमाही चक्रवाढीने ३४ तिमाही होतात, म्हणून २ चं चौतिसावं मूळ, म्हणजे २ चा १/३४ वा घात: १.०२०६. त्यावरून वार्षिक दर ८.२४ टक्के. आणि वर्षाअखेर हातात प्रत्यक्ष पडणारं व्याज मोजलं तर ८.५० टक्के. एकाच योजनेचे हे तीन आकडे. ठेवीदाराला कोणता सांगितला जातो, यावर त्याचा निर्णय ठरतो. म्हणून योजनेच्या कागदावर तिन्ही छापा, असा माझा आग्रह असतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली घाताच्या चिन्हाची. पायथनमध्ये घातासाठी दोन तारका (**) लिहायच्या. एक्सेलमध्ये घातासाठी जे टोपीसारखं चिन्ह (^) आहे, ते पायथनमध्ये बिटांच्या भलत्याच क्रियेसाठी राखलेलं आहे. १.०१७५ टोपी २० लिहिलं तर पायथन तिथेच थांबून चूक दाखवतं, कारण ती क्रिया अपूर्णांकांवर चालत नाही. पण दोन्ही पूर्णांक असले तर ते निमूटपणे उत्तर देतं: १० टोपी २ म्हणजे ८. कुठलीही सूचना नाही. एक्सेलमधून सूत्र उचलून पायथनमध्ये आणणाऱ्याने हे मनात कोरून ठेवावं.

दुसरी गोष्ट घातावर घात चढवण्याची. ‘वर्षात चार तिमाही, वर्षं पाच’ असा विचार करत कुणी १.०१७५ चा ४ वा घात आणि त्याचा ५ वा घात सलग लिहिला, मध्ये कंस घातला नाही. एक्सेल आणि त्याच्यासारखंच असलेलं लिब्रेऑफिस कॅल्क डावीकडून सोडवतात, म्हणून विसावा घात मिळतो आणि उत्तर बरोबर येतं. पायथन उजवीकडून सोडवतं. ते आधी ४ चा ५ वा घात करतं, म्हणजे १०२४, आणि मग १.०१७५ चा १०२४ वा घात. रक्कम पाच कोटींहून अधिक पट! गणिताच्या पुस्तकातली रीत पायथनचीच आहे, त्यामुळे मी दोष त्याला देत नाही. पण एकच ओळ एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी भयंकर चूक ठरते, तेव्हा कंस घालण्याचा आळस परवडत नाही. उणे चिन्हाचंही तसंच: उणे २ चा वर्ग बिनकंसाचा लिहिला तर पायथन उणे ४ देतं आणि एक्सेल अधिक ४.

तिसरी गोष्ट लॉगच्या नावाची. मॅथ.लॉगला एकच आकडा दिला तर तो नैसर्गिक लॉग, पाया ई. दहाच्या पायासाठी लॉग१० हे वेगळं फंक्शन आहे. सी आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्येही नुसता लॉग म्हणजे नैसर्गिकच. एक्सेलच्या रकान्यात मात्र लॉग म्हणजे दहाचा पाया, आणि त्याच एक्सेलचा मॅक्रो (एक्सेलच्या आतला छोटा प्रोग्रॅम) लिहायला बसलात की तिथला लॉग पुन्हा नैसर्गिक. आपल्या विद्यार्थ्यांना या गोंधळाची सवय व्हायला हवी होती खरं तर, कारण बारावीला फिजिक्सच्या तासाला लॉगटेबलातला लॉग दहाच्या पायाचा असतो आणि गणिताच्या तासाला इंटिग्रेशन करताना लिहिलेला लॉग ई च्या पायाचा. दोन्ही विषय एकाच दिवशी शिकतात, पण हा फरक कुणी मुद्दाम समोर ठेवत नाही.

दामदुप्पटीच्या हिशेबात पाया कोणताही चालतो, फक्त वर आणि खाली तोच हवा. नैसर्गिक लॉग घेतले तर ०.६९३१ भागिले ०.०६७७. दहाचे घेतले तर ०.३०१० भागिले ०.०२९४. दोन्हीकडे सव्वादहा वर्षांच्या आसपास. वर नैसर्गिक आणि खाली दहाचा असं मिसळलं की २३.५९ वर्षं येतात. हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते वेडंवाकडं दिसत नाही. ‘असेल बुवा, ७ टक्क्यांनी एवढी वर्षं लागत असतील’ असं वाटून कुणीही पुढे जाईल.

आता ज्या गुणासाठी मी हे मॉड्यूल मनापासून मानते, तो सांगते. कर्जाचा हप्ता आणि दर ठरलेले असतील तर हप्त्यांची संख्या लॉगने निघते. २,००,००० रुपये कर्ज, दरमहा १ टक्का, हप्ता ५,००० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज २,०००, ते हप्त्याच्या ०.४ पट. १ मधून ०.४ वजा करून उरलेल्या ०.६ चा लॉग घ्यायचा, त्याला १.०१ च्या लॉगने भागायचं आणि चिन्ह बदलायचं. उत्तर ५१.३४. म्हणजे ५१ पूर्ण हप्ते आणि ५२ वा छोटा. तो छोटा हप्ता म्हणजे ५,००० चे ०.३४ पट नव्हेत, हेही लक्षात ठेवा. दशांशावरून काढलं तर १,६८८ रुपये येतात, प्रत्यक्ष कोष्टक मांडलं तर १,६९३. लॉगच्या उत्तरातला अपूर्णांक पैशाच्या सरळ प्रमाणात नसतो.

एका संस्थेत व्यवस्थापक मला म्हणाले, “मॅडम, कर्जदार अडचणीत आहे, दोन लाखांवर दोन हजारांचा हप्ता बसवून द्या. किती महिने लागतील तेवढे लागू देत.” मी त्यांच्यासमोरच आकडे घातले. २,००० भागिले २,००० म्हणजे १. १ वजा १ शून्य. शून्याचा लॉग. पायथन थांबलं आणि व्हॅल्यू एरर दाखवून मोकळं झालं.

“हे बिघडलं का?”

“नाही साहेब, हेच उत्तर आहे. सगळा हप्ता व्याजातच जातोय. मुद्दल एका रुपयानेही कमी होणार नाही.”

मग त्यांनी १,८०० घालून पाहिले, तर उणे संख्येचा लॉग आला आणि पुन्हा तोच एरर. कारण आता कर्ज फिटण्याऐवजी वाढतच जाणार. हाच हिशेब जावास्क्रिप्टमध्ये केला असता तर पहिल्या वेळी अनंत आणि दुसऱ्या वेळी ‘संख्या नाही’ असं मूल्य मिळालं असतं, आणि प्रोग्रॅम न थांबता पुढच्या ओळीवर गेला असता. कर्जदाराच्या पासबुकात काय छापलं गेलं असतं कुणास ठाऊक. शून्याचा लॉग नसतो, हे अकरावीला पाठ करायचं वाक्य असतं. त्याचा अर्थ मला कधी एवढा थेट दिसला नव्हता: १.०१ ला कितीही वेळा स्वतःशी गुणा किंवा भागा, शून्य कधीच हाती येत नाही, म्हणून तेवढे हप्ते अस्तित्वातच नाहीत. व्यवस्थापकांनी त्या दिवशी मुदत वाढवून ४,४४९ रुपयांच्या साठ हप्त्यांवर कर्ज बसवलं.

अचूकतेबद्दल आता. ६४ चं घनमूळ ४, हे सहावीतली मुलंही सांगतील. पायथनला ६४ चा १/३ वा घात विचारला तर ३.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. कारण १/३ यंत्रात पूर्ण बसत नाही, तो किंचित कमी साठवला जातो. छापताना दोन दशांश दाखवले तर ४.०० दिसतं आणि काही बिघडत नाही. पण कुणी पूर्णांक भाग घेतला तर ३ मिळतात. तसंच मॅथ.लॉग(१०००, १०) चं उत्तर २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं आणि मॅथ.लॉग(१२५, ५) चं ३ च्या किंचित वर. दुसऱ्याला वरच्या पूर्णांकावर नेलं की ४. हप्ते किंवा तिमाही मोजताना आपण नेमकं हेच करतो, वरच्या पूर्णांकावर नेतो. घाताने उलटा पडताळा घ्या, हा आग्रह मी धरते तो यासाठीच. दोन पायांचा लॉग आतून दोन नैसर्गिक लॉगांचा भागाकार करतो आणि दोघांची काटछाट त्यात मिसळते. पाया १० असेल तर लॉग१० वापरा, १००० ला ते चोख ३ देतं. पाया २ साठी लॉग२ आहे.

फार मोठ्या पूर्णांकांना मात्र हे मॉड्यूल छान सांभाळतं. १० च्या ४०० व्या घाताचा लॉग१० ते सहज ४०० सांगतं. त्याच संख्येचं साधं वर्गमूळ मागितलं तर आकडा मावत नाही म्हणून नकार देतं. पूर्णांकांसाठी आयएसक्यूआरटी हे वर्गमूळाचं वेगळं फंक्शन वापरलं की त्याचा पूर्णांक भागही मिळतो. पतसंस्थेत याची गरज पडत नाही, पण मुलांना ‘२ च्या हजाराव्या घातात अंक किती?’ असं विचारायला मला आवडतं. २ चा लॉग ०.३०१०३, त्याची हजारपट ३०१.०३, म्हणून ३०२ अंक. मग पायथनकडून ती अख्खी संख्या छापून घ्यायची आणि मुलांना अंक मोजू द्यायचे.

राखून ठेवलेला एक गुण दोन कारणांसाठी. एक, कर्ज, हप्ता आणि मुदत दिली असता व्याजदर काढायची सोय यात नाही. त्या प्रश्नाला घात, मूळ, लॉग यांपैकी कशानेही सुटणारं सरळ सूत्रच नाही, अंदाज घेत घेत उत्तराकडे सरकावं लागतं. एक्सेल आणि कॅल्कमध्ये त्यासाठी रेट हे तयार फंक्शन आहे. इथे तो फेरा स्वतः लिहावा लागतो. दुकानदार ‘शून्य टक्के, फक्त प्रोसेसिंग फी’ म्हणतो तेव्हा खरा दर काढायला नेमकं हेच लागतं.

दुसरं कारण पैशाच्या पूर्णांकनाचं. पायथनचं राउंड अर्ध्यावरच्या संख्येला जवळच्या सम संख्येकडे नेतं. १,६९२.५० रुपये राउंड केले तर १,६९२ होतात, एक्सेलमध्ये १,६९३. आपल्याकडे ५० पैसे वर धरायची सवय आहे आणि खतावणीत एका रुपयाचा फरक आला तरी लेखापरीक्षक विचारणारच. म्हणून अंदाज, योजना, पडताळा यांसाठी मॅथ मॉड्यूल, आणि पासबुकात उतरणाऱ्या रकमेसाठी डेसिमल मॉड्यूल, अशी वाटणी मी केली आहे. तेही पायथनबरोबरच मिळतं, मुळात २८ अंकांनी चालतं, त्यात वर्गमूळ, नैसर्गिक लॉग, लॉग१० सगळं आहे आणि अर्धा वर धरायची पद्धत नेमून देता येते. फक्त त्याला ०.०७ हा दर अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून द्या. नुसता आकडा दिलात तर यंत्रात आधीच झालेली काटछाट त्यात जशीच्या तशी उतरते.

आणखी एक, विशेषतः गावच्या संस्थांसाठी. तिथल्या बऱ्याच टेबलांवर अजून विंडोज ७ चे संगणक आहेत. त्यावर पायथन ३.८ पर्यंतच चालतं, ३.९ पासून पुढचं नाही. ३.८ मध्ये पूर्णांकांचं वर्गमूळ देणारं आयएसक्यूआरटी मिळतं, पण घनमूळाचं सीबीआरटी ३.११ मध्ये आलं आहे. जुन्या यंत्रावर उणे ८ चं घनमूळ हवं असेल तर १/३ वा घात थेट घेऊ नका, पायथन ३ तिथे उणे २ न देता संमिश्र संख्या देतं. आधी चिन्ह बाजूला काढा, ८ चं घनमूळ घ्या आणि मग उणे चिन्ह परत लावा.